नायजेरियाला निघण्याआधी पोलिओचा डोस: थेंब की इंजेक्शन, आणि पिवळ्या पुस्तकात नोंद कशी करून घ्यायची?

साखरपट्टा_कागल:
नायजेरियातल्या अदामावा राज्यातल्या साखर कारखान्यात दोन वर्षांचं काम ठरलं आहे. विमान २० नोव्हेंबरला मुंबईहून, आज ३ ऑक्टोबर. जाणारे चौघं. मी, जन्म १९९०, लसीचं कार्ड हरवलंय, डोस झाले होते असं आई सांगते. बायको, जन्म १९९४, कार्ड शाबूत. मुलगी दहा महिन्यांची, सगळे डोस महापालिकेच्या केंद्रात, शेवटचे २८ ऑगस्टला, नऊ महिने पूर्ण झाले त्या दिवशी. आणि आई, वय ६१, लहानपणी काही घेतल्याचं कुणालाच माहीत नाही. ती तीन महिने राहून परत येणार.
कंपनीच्या पत्रात पिवळा ताप आणि पोलिओ, दोन्हीचे दाखले आणा असं लिहिलंय. पिवळ्या तापाचं कळलं. पण लहानपणी पोलिओ झालेला असताना परत कशाला? थेंब चालतात की इंजेक्शनच लागतं? कोल्हापुरात कुठं मिळेल आणि नोंद कोण करून देतं?

दोन_थेंब:
दादा, पोलिओसाठी मोठ्या माणसाला थेंबच पुरतात. भारत सरकारने मार्च २०१४ पासून ठराविक देशांना जाणाऱ्यांसाठी जो नियम लावला तो तोंडी लसीचाच आहे: प्रवासाच्या किमान चार आठवडे आधी एक डोस, आणि तो वर्षभर धरला जातो. त्या वेळच्या देशांत नायजेरिया होता. यादी अधूनमधून बदलते, तेव्हा तिकिटाची तारीख पक्की झाली की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आत्ताची यादी बघून घ्या. दोन थेंब, आंतरराष्ट्रीय लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तकात नोंद, सही, शिक्का. एवढ्यावर काम भागतं.

बालरोग_राजारामपुरी:
वरचा नियम बरोबर आहे, पण त्याने दाखल्याचं काम भागतं, चौघांच्या संरक्षणाचं नाही. कारण सांगतो.
पोलिओचे विषाणू तीन प्रकारचे. दुसरा रानटी प्रकार जगातून संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, तिसरा २०१९ मध्ये. रानटी पहिला प्रकार आजही पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात टिकून आहे. नायजेरियात रानटी पोलिओचे शेवटचे रुग्ण २०१६ मध्ये सापडले, तेही अदामावाच्या शेजारच्या बोर्नो राज्यात, आणि ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाला रानटी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. मग तिथं आता भीती कसली? लसीपासून उलटलेल्या दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची. थेंबातला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. ज्या वस्तीत बहुतेक मुलांना लस मिळालेली नाही तिथं तो विष्ठेतून एका मुलाकडून दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने फिरतो आणि फिरता फिरता त्याचा दुबळेपणा जातो. मग तो रानटी विषाणूसारखाच पाय लुळा करतो. उत्तर नायजेरियात हा प्रकार वर्षानुवर्षं आटोक्यात आलेला नाही.
आता थेंबांकडे या. एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच वेळी थेंबांतून दुसरा प्रकार काढून टाकला. भारतात ती तारीख २५ एप्रिल. आज केंद्रात मिळणाऱ्या थेंबांत फक्त पहिला आणि तिसरा प्रकार आहे. म्हणजे ज्या प्रकाराची साथ तिकडे आहे, नेमका तोच यात नाही. इंजेक्शनच्या लसीत मात्र तिन्ही प्रकार आहेत, तेही मारलेले, त्यामुळे ते उलटण्याचा प्रश्नच नाही.
म्हणून मोठ्यांसाठी माझं स्पष्ट मत: इंजेक्शन घ्याच. भारताच्या नियमासाठी थेंब लागत असतील तर तेही घ्या. दोन्ही एकाच दिवशी चालतात, एकमेकांना अडवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना दोन्हींपैकी कोणताही डोस ग्राह्य धरते, फक्त तो निघण्याआधी चार आठवडे ते बारा महिने या खिडकीत बसला पाहिजे.
लहानपणीचे डोस वाया गेलेले नाहीत. २०१६ च्या आधी थेंब घेतलेल्यांच्या शरीराला दुसऱ्या प्रकाराची ओळख आहे. एका इंजेक्शनने ती ओळख जागी होते, रक्तात आणि आतड्यातही. वेल्लोर आणि मुरादाबाद इथल्या मुलांवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी हे दाखवलं: आधी थेंब आणि मग इंजेक्शन मिळालेल्या मुलांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडण्याचं प्रमाण घटलं. ज्याला आयुष्यात फक्त इंजेक्शनच मिळालं त्याच्या आतड्यात एवढं संरक्षण तयार होत नाही. त्याचा पाय वाचतो, पण विषाणू त्याच्या पोटातून पुढे जाऊ शकतो.
आता एकेकाचं बघू.
बायको: कार्डावर पूर्ण डोस आहेत, तर एक इंजेक्शन, ०.५ मिलि, दंडाच्या स्नायूत. प्रौढपणी एकदा घेतलेला हा डोस संरक्षणासाठी पुरतो. दाखल्याची बारा महिन्यांची अट वेगळी, ती पुढे पाळावी लागेल.
तुम्ही: कार्ड नाही, तेव्हा नुसत्या आठवणीवर विसंबू नका. वेळ आहे, चार आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं घ्या. आधी डोस झालेले असले तरी जादा डोसाने अपाय होत नाही.
आई: त्यांना लसच न मिळालेली धरा. १९६४ च्या सुमाराला जन्मलेल्यांच्या बालपणी सरकारी कार्यक्रमात पोलिओ नव्हताच; लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला आणि त्यात पोलिओ १९७९ ला आला. त्यांना तीन इंजेक्शनं लागतात. नेहमीचा क्रम असा: पहिलं, मग एक ते दोन महिन्यांनी दुसरं, मग दुसऱ्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरं. तुमच्या हातात सात आठवडेही पुरते नाहीत, तेव्हा पहिलं उद्या ४ ऑक्टोबरला, दुसरं १ नोव्हेंबरला किंवा त्यानंतर. आठ आठवडे असते तर तिन्ही चार-चार आठवड्यांनी बसवता आली असती. तिसरं त्या परतल्यावर कोल्हापुरातच, मे महिन्यापासून पुढे.
आणि एक गोष्ट जरूर पाळा: कधीच लस न घेतलेल्या प्रौढाला पहिला डोस थेंबांचा देऊ नये. थेंबातल्या जिवंत विषाणूमुळे लुळेपणा येणं फार दुर्मीळ आहे, पण पहिल्या डोसाला तो धोका सगळ्यात जास्त. आधी इंजेक्शन. थेंब लागलेच तर दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी, डॉक्टरांना विचारून.
मुलगी: सरकारी वेळापत्रकात जन्माच्या वेळी, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना थेंब, आणि सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने अशी ०.१ मिलिची तीन छोटी इंजेक्शनं कातडीत दिली जातात. तिसरं जानेवारी २०२३ पासून आलं. २८ ऑगस्टला तिला हे मिळालंय का ते माता-बाल संरक्षण कार्डावर बघा. गोवर-रुबेलाही त्याच दिवशी देतात, त्यामुळे घाईत पोलिओची ओळ कोरी राहिलेली असू शकते. नोंद असेल तर बारा महिन्यांची मुदत पुढच्या २८ ऑगस्टपर्यंत. दाखल्याला बळ म्हणून २३ ऑक्टोबरच्या आत दोन थेंब द्या. दहा मिनिटांच्या आत ओकली तर पुन्हा द्यायचे. अंगावर पाजण्याची वेळ बदलायची गरज नाही.

शीतसाखळी_लक्ष्मीपुरी:
लस कुठं आणि कशी घ्यायची ते मी लिहितो, कारण इथंच माती होते.
महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात आणि सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयात बालकांचं लसीकरण चालतं, पण तिथला पोलिओ इंजेक्शनचा साठा बालकांच्या आकड्यावरून मोजून येतो. मोठ्या माणसाला तिथं नाही म्हटलं जाईल, त्यात त्या परिचारिकेचा दोष नाही. मुलीचे थेंब तिथं विनामूल्य होतील. मोठ्यांचं इंजेक्शन खासगी बालरोगतज्ज्ञाकडे किंवा प्रवासी लसीकरण करणाऱ्या दवाखान्यात घ्यावं लागेल. तिथं फोन करताना "पोलिओचं एकटं इंजेक्शन, पूर्ण ०.५ मिलि, मोठ्या माणसासाठी" असंच विचारा. नुसतं "पोलिओ आहे का" म्हणालात तर बाळांची सहा रोगांची एकत्रित लस दाखवतील. ती मोठ्यांना देत नाहीत. एकटी लस प्रत्येक दवाखान्यात ठेवलेली नसते, मागवावी लागते. म्हणून आजच फोन करा.
दवाखान्याने "औषधाच्या दुकानातून घेऊन या" म्हटलं तर वाटेत काय घडतं त्याकडे लक्ष द्या. ही लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. लोक उन्हाला घाबरून फ्रिझरमधला दगडासारखा बर्फ थर्मासमध्ये घालतात आणि कुपी त्यावर ठेवतात. इंजेक्शनची पोलिओ लस गोठली की वाया जाते. आणि गोठून वितळली तर ते डोळ्यांना कळत नाही. धनुर्वाताच्या लसीसारखी कुपी हलवून गाळ कसा बसतो ते बघण्याची चाचणी हिला लागू नाही, कारण ही पाण्यासारखी निवळ लस आहे. तेव्हा बर्फाचा पॅक फ्रिझरमधून काढून बाहेर ठेवा, कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच डब्यात घाला, आणि कुपी व पॅक यांच्यामध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा ठेवा. खरं तर दवाखान्यालाच मागवायला सांगणं उत्तम.
थेंबांचं उलट. त्यांना गोठण्याचं भय नाही, उष्णतेचं आहे. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर ती कुपी बाजूला काढायला सांगा. संकोच करू नका, परिचारिका स्वतःच दाखवते.
टोचण्याआधी कुपीचा फोटो काढा: नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत. हे चारही पुढे पिवळ्या पुस्तकात लागतात, आणि चार दिवसांनी दवाखान्यात फोन केला तर कुपी कचऱ्यात गेलेली असते.
निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन किंवा पॉलिमिक्सिन बी या प्रतिजैविकांची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, लसीत त्यांचे अंश असतात. अंगात चांगला ताप असेल तर तो उतरू द्या. नुसती सर्दी असेल तर थांबायचं कारण नाही.

दप्तर_शाहूपुरी:
कागदाचं मी सांगतो. पोलिओसाठी वेगळा दाखला नसतो. पिवळ्या तापाचं जे आंतरराष्ट्रीय लसीकरणाचं पिवळं पुस्तक मिळतं त्यातच "इतर रोग" या जागी पोलिओची ओळ भरतात. नमुना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ च्या सहाव्या परिशिष्टातला आहे आणि तिथल्या अटी कडक आहेत.
नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. कोल्हापूरकडची नेहमीची गडबड ही, की पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि डॉक्टर सवयीने पहिलं नाव व आडनाव एवढंच लिहितात. पासपोर्ट पुढ्यात ठेवूनच लिहून घ्या. तारीख लिहिताना महिना अक्षरात, आकड्यात नाही. ४/१० कुणी दहा एप्रिल वाचेल. मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हवा. मराठी जोडीला चालेल, एकटी नाही. डॉक्टरांची सही हाताची आणि हुद्द्यासह, रबरी सही चालत नाही. शेजारी केंद्राचा शिक्का, उत्पादक, बॅच क्रमांक. वैधतेच्या रकान्यात कधीपासून कधीपर्यंत, दोन्ही तारखा. खाडाखोड झाली किंवा एक रकाना कोरा राहिला तर दाखला बाद ठरवण्याचा अधिकार समोरच्या अधिकाऱ्याला आहे. चूक झाली तर पांढरी शाई लावू नका, ओळ सोडून नव्या ओळीत पुन्हा लिहून घ्या.
प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, मुलीचंही. तिच्या जागी आई किंवा वडिलांनी सही करायची.
पिवळ्या तापाचं केंद्र कोणतंही असो, वेळ ठरवताना एक प्रश्न विचारा: "दुसरीकडे घेतलेल्या पोलिओ डोसाची नोंद तुम्ही पुस्तकात करून द्याल का, की डोसही तुमच्याकडेच घ्यावा लागेल?" काही केंद्रं फक्त पिवळ्या तापाचं बघतात. नाही म्हणाले तर पुस्तक हातात आल्यावर पोलिओ टोचणाऱ्या डॉक्टरांकडेच परत जाऊन ओळ भरून घ्यायची. कोल्हापुराहून मुंबईपेक्षा गोवा जवळ पडतं. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयाकडे चौकशी करा. वार आणि रोजची संख्या ठरलेली असते, वेळ न घेता घाट उतरू नका.
पिवळ्या तापाचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. नायजेरियातून परतताना भारतच तो मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तेव्हा आईंसाठी तो प्रश्न टाळता येणार नाही.

बालरोग_राजारामपुरी:
आईंच्या पिवळ्या तापाबद्दल एक भर. साठीनंतर ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. केंद्रावर जाण्याआधी फिजिशियनना दाखवा, चालू गोळ्यांची यादी न्या, थायमस ग्रंथीचा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर आवर्जून सांगा. धोका जास्त वाटला तर तीन महिन्यांसाठी त्यांनी जावं का, हाच विचार आधी करा.
मुलीला नऊ महिने उलटलेत, म्हणजे पिवळ्या तापाची लस चालते. गोवर-रुबेला आणि ही, दोन्ही जिवंत लसी. २८ ऑगस्टपासून चार आठवडे झालेत, त्यामुळे अडचण नाही. पोलिओच्या इंजेक्शनला आणि थेंबांना कोणतंही अंतर लागत नाही.

साखरपट्टा_कागल:
फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका उरल्या. दोन वर्षांत मधे सुट्टीला यायचं झालं तर परत डोस लागेल का? आणि तिकडे राहताना मुलीसाठी आणखी काय करायचं? कारखान्याच्या वसाहतीत पाणी टँकरचं आहे असं कळलंय.

दप्तर_शाहूपुरी:
मे २०१४ पासून पोलिओचा आंतरराष्ट्रीय प्रसार ही जागतिक आणीबाणी मानली गेली आहे, आणि तज्ज्ञ समिती साधारण दर तीन महिन्यांनी शिफारशींचा फेरआढावा घेते. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट: साथ असलेल्या देशात चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेल्याने बाहेर पडण्याआधी चार आठवडे ते बारा महिने या काळातला डोस दाखवावा. रानटी विषाणू असलेल्या देशांकडून याची सक्तीने अंमलबजावणी अपेक्षित असते, दुसऱ्या प्रकाराची साथ असलेल्या देशांकडून प्रोत्साहनाची. कोणता देश कोणत्या गटात आहे ते प्रत्येक बैठकीनंतर बदलू शकतं.
मग हिशेब असा. तुमचा डोस ऑक्टोबरचा, दुसरा नोव्हेंबरचा. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सुट्टीला आलात तर तोच चालेल. नंतर यायचं असेल तर तिकीट काढतानाच तिकडे डोस घ्या, निघण्याच्या चार आठवडे आधी, आणि त्याच पिवळ्या पुस्तकात ओळ भरून घ्या. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आणू नका. वाटेत उमरा करायचा विचार असलेल्यांनी जास्त जपावं, सौदी अरेबिया ठरलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे पोलिओचा दाखला मागतं. घरी कुणी आजारी पडलं आणि तातडीने निघावं लागलं तर चार आठवडे कुठून आणणार? तेव्हाही विमानाआधी एक डोस घ्या, तसं करायला शिफारशींतच सांगितलेलं आहे.

बालरोग_राजारामपुरी:
मुलीसाठी. सोळा ते चोवीस महिन्यांचा बूस्टर तिकडे असतानाच येतो, मार्चअखेरीपासून पुढे. नुसत्या थेंबांवर थांबू नका, चांगल्या खासगी दवाखान्यात पोलिओचं पूर्ण ०.५ मिलि इंजेक्शन द्या. तिचा जन्म २०१६ नंतरचा, म्हणजे दुसऱ्या प्रकाराशी तिची ओळख फक्त त्या तीन छोट्या इंजेक्शनांतून झालेली आहे. चौघांत या साथीपुढे सगळ्यात उघडी तीच आहे. आईंना निदान वयाचं कवच आहे असं मात्र समजू नका. लस न घेतलेल्या प्रौढालाही लुळेपणा येतो.
वसाहतीत घरोघरी थेंब पाजणारी टोळी आली तर "आमचे झालेत" म्हणून दार लावू नका. साथीच्या मोहिमेत नव्या प्रकारचे थेंब देतात, त्यात खास दुसऱ्या प्रकारचाच विषाणू आहे आणि तो सहजासहजी उलटू नये अशा बेताने घडवलेला आहे. हे थेंब भारतातल्या नेहमीच्या लसीकरणात मिळत नाहीत. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने प्रत्येक फेरीत घ्यावेत. बोटाला शाई लावतात. ती पुसू नका, नाहीतर टोळी परत येईल. घरात कुणाची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर जिवंत थेंबांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.
पाणी: टँकरचं पाणी खळखळून उकळवा, झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका. बाळाचे दात घासायला, बाटल्या धुवायला तेच. हातासाठी साबण. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर कमी पडतं, कारण याला वरचं स्निग्ध आवरणच नाही; डायपर बदलल्यावर वीस सेकंद साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. वापरलेला डायपर उघड्यावर टाकू नका.
लक्षणांचं सांगून ठेवतो. बहुतेक संसर्गांत काहीच कळत नाही किंवा दोन दिवस तापासारखं वाटतं. साधारण दोनशे संसर्गांत एकाला लुळेपणा येतो. ताप, मान आखडणं, हातपाय दुखणं आणि मग एखादा पाय अचानक ढिला पडणं, बहुधा एकच बाजू, स्पर्श मात्र कळतो. असं दिसलं तर घरी थांबू नका आणि "अशक्तपणा असेल" म्हणून सलाइन लावून घेऊ नका. भारतात पंधरा वर्षांखालच्या मुलाला असा लुळेपणा आला की त्याची नोंद होते आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घेतात. परतल्यावर मुलीला काही झालं तर सी.पी.आर.मध्ये पहिलं वाक्य "नायजेरियातून आलोय" हेच सांगा. मोठ्यांनीही तेच सांगावं, वयामुळे कुणाच्या ते डोक्यातच येत नाही.

शीतसाखळी_लक्ष्मीपुरी:
उद्या शनिवार-रविवार आडवा येत असेल तर सोमवारीही चालेल, पण मग आईंचं दुसरं इंजेक्शन तितकेच दिवस पुढे सरकवा. दोन इंजेक्शनांत पुरे अठ्ठावीस दिवस पडले पाहिजेत. दाखल्यासाठी पहिल्या डोसाची शेवटची तारीख २३ ऑक्टोबर, त्याच्या पलीकडे जाऊ देऊ नका.